सातव्या क्रमांकाची शाळा की त्रेचाळिसाव्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहा वर्षांची आहे. घरापासून चालत दहा मिनिटांवरची शाळा यंदाच्या क्रमवारीत ४३वी आली आहे. दुसरी एक शाळा ७वी आहे, पण तिथे प्रवेश हवा तर घर हलवावं लागेल आणि हप्ता बराच वाढेल. या दोन आकड्यांमध्ये जेवढं अंतर दिसतं तेवढं त्या शाळांमध्ये खरंच असतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

नुसत्या या दोन आकड्यांवर घर हलवू नका, हे माझं उत्तर. सविस्तर सांगते, कारण "क्रमवारीला काही अर्थ नसतो" असं म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि पुढची सोळा वर्षं शाळांचे निकाल तपासणं आणि वर्गात मागच्या बाकावर बसून पाहणी करणं हेच माझं काम होतं. यादीत वर असलेल्या शाळांत मी अतिशय सुंदर तास पाहिलेत आणि अगदी निर्जीव तासही पाहिलेत. खालच्या शाळांतही दोन्ही पाहिले.

शाळेचा निकाल म्हणजे शाळेने किती शिकवलं त्याचा आकडा, असं आपण धरून चालतो. पण त्या आकड्यात सगळ्यात मोठा वाटा असतो तो शाळेच्या दारातून कोणती मुलं आत आली याचा. घरात पुस्तकं आहेत का, आईवडील किती शिकलेत, अभ्यासाला शांत कोपरा आहे का, मूल पुरेसं झोपतं का, शिकवणी लावायची ऐपत आहे का, हे सगळं निकालात उतरतं. १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली एक प्रचंड पाहणी झाली. सुमारे ४,००० शाळा आणि सहा लाखांवर विद्यार्थी. शाळांच्या इमारती, ग्रंथालयं, प्रयोगशाळा यांतल्या फरकामुळे मुलांच्या गुणांत फरक पडतो असं निघेल, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. निघालं वेगळंच. गुणांवर सगळ्यात मोठा प्रभाव घरच्या परिस्थितीचा होता, आणि गुणांमधला बहुतेक फरक एका शाळेत आणि दुसऱ्या शाळेत नव्हता, तो एकाच शाळेतल्या मुलामुलांत होता. त्या अहवालावर पुढे पुष्कळ वाद झाले, शाळेचा परिणाम कोलमन म्हणतात त्यापेक्षा जास्त असतो असं दाखवणारे चांगले अभ्यासही आले. पण एकाच शाळेतल्या दोन मुलांमधलं अंतर हे दोन शाळांच्या सरासरीतल्या अंतरापेक्षा बरंच मोठं असतं, ही गोष्ट त्यानंतर देशोदेशी पुन्हा पुन्हा दिसत आली आहे.

याचा सगळ्यात स्पष्ट दाखला प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या शाळांचा. ज्या शाळा गाळून मुलं घेतात त्या यादीत वर असणारच. पाच वर्षांनी त्या मुलांचे गुण चांगले आले तर त्यातलं शाळेचं किती आणि मुलांनी सोबत आणलेलं किती? अर्थशास्त्रज्ञ अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या अशा नामांकित शाळांवर हा प्रश्न तपासला. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पद्धत साधी आणि फार हुशारीची आहे. प्रवेशाच्या कटऑफच्या एका गुणाने वर असलेली मुलं आणि एका गुणाने खाली राहिलेली मुलं, ही जवळपास सारखीच. फरक एवढाच की पहिली नामांकित शाळेत गेली आणि दुसरी साध्या शाळेत. पुढच्या परीक्षांमध्ये या दोन गटांत म्हणावा असा फरक आढळला नाही. हुशार सोबत्यांमध्ये बसून, प्रतिष्ठित नावाच्या शाळेत शिकूनसुद्धा. त्या शाळा वाईट होत्या असं यातून निघत नाही. त्यांच्या निकालाचं मोठं श्रेय त्यांचं नव्हतं, एवढंच निघतं. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे, आयत्या पिठावर रेघोट्या.

म्हणून यादी हातात घेतली की पहिला प्रश्न विचारायचा: ही यादी मुलं कुठे पोचली ते मोजते, की कुठून निघून कुठे पोचली ते मोजते? या दोन वेगवेगळ्या याद्या आहेत आणि त्यांचे क्रम एकमेकांशी जुळत नाहीत.

इंग्लंडने हा सगळा प्रवास गेल्या तीस वर्षांत केला आहे. तिथे माध्यमिक शाळांचे निकाल सरकारने १९९२ पासून तक्त्यांच्या रूपात छापायला सुरुवात केली आणि वर्तमानपत्रांनी त्यांची उतरंड लावली. ते निव्वळ निकाल होते. टीका झाल्यावर हळूहळू 'मूल्यवर्धन', म्हणजे शाळेत आल्यापासून मुलांनी किती प्रगती केली ते मोजणारे आकडे आले, आणि २०१६ पासून प्रोग्रेस ८ नावाचा निकष आला. अकराव्या वर्षी ज्यांचे गुण सारखे होते अशा देशभरातल्या मुलांशी तुलना करून, सोळाव्या वर्षी या शाळेतली मुलं आठ विषयांत सरासरीच्या किती पुढे किंवा मागे आहेत, असं ते गणित. निव्वळ निकालापेक्षा हे कितीतरी बरं. पण इथेही एक गोष्ट सुटते. अकराव्या वर्षी सारखे गुण असलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या घरी सुबत्ता आहे आणि दुसऱ्याच्या घरी ओढाताण, तर पुढची पाच वर्षं दोघांची वाटचाल सारखी होत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या जॉर्ज लेकी आणि हार्वे गोल्डस्टीन यांनी प्रोग्रेस ८ मध्ये मुलांच्या पार्श्वभूमीचा हिशेब धरून पुन्हा क्रम लावला, तेव्हा सुमारे एक पंचमांश शाळांचा क्रमांक ५०० हून अधिक जागांनी हलला. शाळा त्याच, मुलं तीच, गुण तेच. तुमच्या यादीतल्या ७ आणि ४३ मधलं ३६ जागांचं अंतर याच्यासमोर ठेवून बघा.

ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये 'माय स्कूल' हे संकेतस्थळ सुरू करताना थोडी वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक शाळेला मुलांच्या सामाजिक-शैक्षणिक पार्श्वभूमीचा एक निर्देशांक दिला जातो, त्याची सरासरी १,००० धरलेली असते, आणि शाळेची तुलना तशाच पार्श्वभूमीच्या मुलांशी दाखवली जाते. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. वर्तमानपत्रं त्यातूनही उतरंड काढतात, ती गोष्ट वेगळी.

आता दुसरी गोष्ट, नशिबाची. ही पालकांना पटवून देणं मला नेहमी सगळ्यात अवघड गेलं आहे, म्हणून आकडे मांडूनच दाखवते.

समजा शंभर शाळा आहेत आणि सगळ्या अगदी एकसारख्या चांगल्या आहेत. प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठरावीक गुणांच्या वर जाण्याची शक्यता ८० टक्के आहे. प्रत्येक शाळेतून ३० मुलं परीक्षेला बसतात. निकाल लागला की काय दिसेल? सगळ्यांचा ८० टक्के? नाही. नुसत्या योगायोगाने यादीच्या टोकावरच्या शाळेत ३० पैकी २९ मुलं पार झालेली दिसतील, आणि तळाच्या शाळेत १८ च्या आसपास. म्हणजे ९७ टक्के आणि ६० टक्के. एक शाळा फलक लावेल, दुसरीच्या मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागेल, आणि आपण गणित मांडतानाच ठरवलं होतं की दोन्ही शाळा तंतोतंत सारख्या आहेत. त्या वर्षी एका शाळेत दोन मुलांना परीक्षेच्या आठवड्यात ताप आला, एकाच्या घरी वडिलांची नोकरी गेली, दुसऱ्या शाळेत नेमका पाठ केलेला प्रश्न आला. अशा गोष्टींची ही बेरीज असते. हाच हिशेब ३०० मुलं बसवणाऱ्या शाळांचा केला तर टोकाची शाळा ८६ च्या जवळ आणि तळाची ७४ च्या जवळ येते. पट जितका छोटा तितका आकडा जास्त हेलकावतो.

यातून एक गंमतशीर वाटणारी पण गंभीर चूक मोठमोठ्या लोकांच्या हातून झाली. उत्तम शाळांच्या यादीत छोट्या शाळा जास्त दिसतात, म्हणून शाळा छोट्या करा, असा विचार अमेरिकेत जोर धरून होता आणि गेट्स फाउंडेशनसारख्या संस्थेनेही त्यावर पुष्कळ पैसा लावला. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वेर्लिंग यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे निकाल तपासले. सर्वोत्तम ५० शाळांमध्ये सगळ्यात छोट्या ५० पैकी ६ होत्या, म्हणजे योगायोगाने असाव्यात त्याच्या चौपट. पण तळाच्या ५० शाळांमध्येही छोट्या शाळा अशाच जास्त होत्या, टोकापेक्षाही जास्त. वरचं टोक सगळ्यांनी पाहिलं होतं, तळाकडे बघायचं राहून गेलं होतं.

म्हणून तुमच्या यादीतल्या दोन्ही शाळांतून दर वर्षी किती मुलं परीक्षेला बसतात ते आधी शोधा. पट चाळीस-पन्नासचा असेल तर एका वर्षाच्या क्रमांकावर अजिबात जाऊ नका. गोल्डस्टीन आणि डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी १९९६ मध्येच दाखवून दिलं होतं की शाळेच्या आकड्याभोवतीची अनिश्चितता धरली तर यादीतल्या मधल्या बहुसंख्य शाळा एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. देशांची तुलना करणाऱ्या पिसा चाचणीचे अहवाल बघा. तिथे हजारो मुलांची चाचणी घेऊनही देशाचा क्रमांक 'या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत कुठेही' असा पट्ट्यात दिला जातो. शाळांच्या यादीत मात्र ठामपणे ४३ छापलेलं असतं.

तुमच्या बाबतीत याला काळाचीही जोड आहे. मुलगी सहा वर्षांची. ती ज्या परीक्षेला बसेल ती दहा वर्षांनी. यंदाचा निकाल ज्या मुलांचा आहे ती दहा वर्षांपूर्वी शाळेत आली होती, तेव्हाचे मुख्याध्यापक कदाचित निवृत्त झाले असतील. लेकी आणि गोल्डस्टीन यांनी २००९ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता: आज शाळा निवडणाऱ्या पालकाला सहा-सात वर्षांनंतरचा निकाल हवा असतो, आजचा आकडा त्याचा अंदाज किती देतो? भविष्याची अनिश्चितता हिशेबात घेतल्यावर मोजक्याच शाळा देशाच्या सरासरीपेक्षा खात्रीने वेगळ्या दाखवता आल्या. बाकीच्यांबद्दल आकडेवारी काहीही ठाम सांगू शकत नव्हती.

निकालाऐवजी तपासणीवर आधारलेला शिक्का असला तरी तो जुना होतो. इंग्लंडमध्ये 'उत्कृष्ट' ठरलेल्या शाळांना २०१२ पासून काही वर्षं नियमित तपासणीतून सूट होती. ती सूट २०२० मध्ये काढली आणि अशा शाळांची पुन्हा तपासणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या शैक्षणिक वर्षात तपासलेल्या शाळांपैकी पाचांतल्या चाराहून अधिक शाळांना तो शिक्का टिकवता आला नाही. दशकभर पालक त्या एका शब्दावर घरं घेत होते. २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथल्या सरकारी शाळांसाठी असा एका शब्दातला एकूण शेरा देणंच बंद झालं आहे.

याद्या बनवणारे खासगी प्रकाशक वेगवेगळ्या निकषांना वजन कसं देतात, त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. एवढंच करा: यादीच्या शेवटी बारीक अक्षरात दिलेली पद्धत वाचा. 'प्रतिष्ठा' किंवा 'जाणकारांचं मत' याला मोठं वजन असेल तर ती यादी स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकवते आहे, कारण जाणकारही मागच्या वर्षीची यादी वाचूनच मत देतात. शाळांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवर क्रम लावला असेल तर ती कुणी पडताळली का ते बघा. विद्यापीठांच्या बाबतीत २०२२ साली असं घडलं. कोलंबिया विद्यापीठ अमेरिकेतल्या प्रसिद्ध यादीत दुसरं होतं, तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकांनी विद्यापीठाने दिलेले आकडे तपासून त्यावर प्रश्न उभे केले, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अठराव्या क्रमांकावर गेलं. शिकवणं काही त्या सात-आठ महिन्यांत बिघडलं नव्हतं.

आता ज्या गोष्टीने मला स्वतःला आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लावलं ती सांगते. मी शिकवत होते त्या शाळेत एका वर्षी परीक्षेच्या तीन महिने आधी बैठक झाली. भिंतीवर पोरांच्या नावांची यादी, तीन रंगांत. हिरवी म्हणजे नक्की पास. लाल म्हणजे नक्की नापास. पिवळी म्हणजे काठावरची. सूचना स्पष्ट होती: पिवळ्यांवर लक्ष द्या, निकालाचा टक्का तिथेच वाढतो. शनिवारचा जादा तास सुरू झाला, पिवळ्या मुलांसाठी. तिसऱ्या शनिवारी लाल यादीतला एक मुलगा दप्तर घेऊन वर्गाच्या दाराशी उभा होता. "बाई, मला पण बसू द्या ना. मी मागे बसतो." मी त्याला सांगितलं की बाक पुरत नाहीत. बाक होते. शेवटची दोन रिकामी होती आणि ती त्यालाही दिसत होती. तो काही न बोलता गेला. त्या वर्षी शाळेचा टक्का सहाने वाढला, यादीत आम्ही वर सरकलो, कौतुक झालं. तो मुलगा नापास झाला. हिरव्या यादीतल्या दोन-तीन मुली गणितात फार पुढे जाऊ शकल्या असत्या, त्यांच्याकडेही त्या तीन महिन्यांत कुणी पाहिलं नाही. बाक पुरत नाहीत हे वाक्य मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

हा एकट्या आमच्या शाळेचा प्रकार नव्हता, हे मला नंतर वाचताना कळलं. टेक्सासमधल्या एका प्राथमिक शाळेत हेच वर्गीकरण कसं चालतं याची बारकाईने नोंद जेनिफर बुहर-जेनिंग्ज यांनी २००५ मध्ये केली आहे. इंग्लंडमध्ये पाच विषयांत 'सी' किंवा वरची श्रेणी हा निकष होता तेव्हा सगळा जोर 'सी' आणि 'डी' यांच्या सीमेवरच्या मुलांवर असायचा. शिवाय काही व्यावसायिक प्रमाणपत्रांना चार विषयांइतकं वजन होतं, म्हणून मुलांच्या उपयोगाचं आहे की नाही हे न बघता ती त्यांच्या माथी मारली गेली. अटलांटामध्ये तर २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमध्ये उत्तरपत्रिकांशी छेडछाड झाल्याचं निघालं. शिक्षकांनी चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकातच सांगून ठेवलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून राहतील तितका तो आकडा बिघडेल, आणि ज्या कामावर लक्ष ठेवायला तो आणला तेही बिघडवेल.

सगळ्यात कमी दिसणारी युक्ती गळतीची. कच्च्या मुलाच्या पालकांना परीक्षेच्या एक-दोन वर्षं आधी हळूच सुचवलं जातं की याला दुसरी शाळा झेपेल. मूल गेलं, निकाल चकचकीत राहिला. म्हणून शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेला मी नेहमी एकच विचारते: या तुकडीत पाच वर्षांपूर्वी किती मुलं होती?

तरीही क्रमवारी आणि निकाल लपवून ठेवावेत असं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे. वेल्सने २००१ मध्ये शाळांचे तक्ते छापणं बंद केलं, शेजारच्या इंग्लंडने चालू ठेवलं. ब्रिस्टलच्याच सायमन बर्जेस आणि सहकाऱ्यांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा वेल्समधल्या शाळांची परिणामकारकता इंग्लंडच्या तुलनेत घसरलेली आढळली. वरच्या चतुर्थांशातल्या शाळांवर परिणाम दिसला नाही. घसरण झाली ती बाकीच्या शाळांत, म्हणजे जिथल्या मुलांना सगळ्यात जास्त गरज होती तिथे. कुणी बघत नाही म्हटल्यावर ढिलाई येते, ही गोष्ट खरी आहे. आणि एखादी शाळा चांगला पट असूनही सलग पाच-सहा वर्षं, सारख्याच पार्श्वभूमीच्या शाळांपेक्षा बरीच मागे पडत असेल तर त्या शाळेत काहीतरी बिघडलेलं असतं. असा आकडा मी कधीही दुर्लक्षित करणार नाही, तुम्हीही करू नका. यादीचा खरा उपयोग तळाच्या टोकाकडे आहे, मधल्या भागात फार थोडा.

शाळा काय देते त्यातलं बरंचसं कुठल्याच यादीत येत नाही, हेही लक्षात घ्या. शिकागोतल्या माध्यमिक शाळांवर किराबो जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या सुमारास केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. काही शाळा मुलांचे गुण वाढवतात, काही शाळा मुलांची चिकाटी, एकमेकांशी वागणं, शाळेबद्दलची आपुलकी वाढवतात, आणि या दोन प्रकारच्या शाळा नेहमी त्याच नसतात. मूल शिक्षण पूर्ण करतं का, पुढे महाविद्यालयात जातं का, हे पाहिलं तर दुसऱ्या गुणाचा प्रभाव गुणांपेक्षाही जास्त आढळला.

मग हे बघायचं कसं? प्रत्यक्ष जाऊन. पालकांना शाळा दाखवायला ठेवलेल्या खुल्या दिवशी नको, त्या दिवशी सगळ्या शाळा सारख्याच सुंदर असतात. साध्या कामकाजाच्या दिवशी परवानगी काढून जा आणि एक तास वर्गात बसू द्या अशी विनंती करा. नाहीच म्हणाले तर का नाही ते विचारा.

वर्गात काय पाहायचं ते एका उदाहरणाने सांगते. एकाच आठवड्यात मी दोन शाळांत अपूर्णांकांचा तास पाहिला होता. पहिली शाळा यादीत खूप वर. बाईंनी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश विचारलं. एका मुलाने सांगितलं, दोन पंचमांश. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. बाई म्हणाल्या, "चूक. पुढचा." पुढच्याने पाच षष्ठांश सांगितलं, फळ्यावर रीत आली, सगळ्यांनी उतरवून घेतली. दुसरी शाळा यादीत बरीच खाली. तेच गणित, तीच चूक. तिथल्या सरांनी ते दोन पंचमांश फळ्यावर तसंच लिहिलं आणि विचारलं, "हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" वर्ग शांत. मग मागून एक मुलगी जवळजवळ ओरडली, "सर, अर्ध्यात अजून मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं!" सगळा वर्ग हसला, चुकलेला मुलगाही हसला, आणि पुढची वीस मिनिटं मुलं पट्ट्या कापून खाली सारखे भाग का लागतात ते एकमेकांना समजावत होती. पहिल्या शाळेच्या मुलांना त्या वर्षी जास्त गुण मिळाले असणार, त्यांच्यातल्या बहुतेकांना शिकवण्याही होत्या. पण अपूर्णांक शिकवला गेला तो दुसऱ्या वर्गात. आणि हेही सांगायला हवं की त्याच पहिल्या शाळेत, त्याच मजल्यावर, विज्ञानाच्या एका शिक्षिकेचा तास इतका छान होता की मी घंटा झाल्यावरही बसून राहिले. दोन शाळांपेक्षा एकाच शाळेतल्या दोन वर्गांत जास्त फरक असतो, हे माझ्या अनुभवाचं सार आहे आणि संशोधनही तेच सांगतं.

तेव्हा चूक झाली की शिक्षक काय करतात ते बघा. वह्या मागून घ्या आणि त्यांत फक्त बरोबर-चूकच्या खुणा आहेत की चूक दुरुस्त करून पुन्हा केलेलं काम आहे ते पाहा. ग्रंथालयातली पुस्तकं हाताळून मऊ झालीत की कोरी करकरीत आहेत? मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला एकटी उभी असलेली मुलं किती, आणि कुणी मोठं माणूस त्यांच्याकडे जातं का? स्वच्छतागृहं बघा, मुलांची, पाहुण्यांची नव्हे.

मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा पहिल्या आलेल्या मुलाबद्दल विचारू नका, ते सगळेच छान सांगतात. विचारा: "वाचता न येणारं मूल तिसरीत आलं तर तुमच्याकडे नेमकं काय होतं?" ज्यांच्याकडे उत्तर असतं ते दोन मिनिटांत सांगतात: कोण तपासतं, कधी बसवतात, किती आठवड्यांनी पुन्हा बघतात. ज्यांच्याकडे नसतं ते "आम्ही प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष देतो" असं म्हणतात. मग गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले ते विचारा. शिक्षक टिकत नसतील तर यादीतला आकडा काहीही असो, ती शाळा मुलीसाठी दर वर्षी नवीच असेल.

घर हलवण्याच्या हिशेबात आणखी दोन गोष्टी धरा. नावाजलेल्या शाळेजवळच्या घरांच्या किमतीत शाळेच्या गुणांची किंमत आधीच मिसळलेली असते. सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शाळांच्या हद्दींच्या दोन बाजूंची घरं तुलनेला घेऊन दाखवलं की चाचणीचे गुण ५ टक्के जास्त असतील तर लोक घराला सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात. म्हणजे ज्या आकड्यात बराचसा वाटा शेजारच्या मुलांच्या घरच्या परिस्थितीचा आहे, त्यासाठी तुम्ही दहा-पंधरा वर्षं हप्ता भरणार. तो हप्ता भरताना घरात ओढाताण झाली, दोघांनाही जादा काम करावं लागलं, तर संध्याकाळी मुलीजवळ बसून पुस्तक वाचायचा वेळ आधी जाईल. शाळा चालत दहा मिनिटांवर असणं ही छोटी गोष्ट नाही. तिच्या मैत्रिणी त्याच गल्लीत राहतील आणि शाळेतलं काही खटकलं तर तुम्ही दहा मिनिटांत वर्गशिक्षकांसमोर असाल.

त्यामुळे तुमच्या जागी मी असते तर आधी ४३व्या शाळेत दोनदा गेले असते, वेगवेगळ्या दिवशी. मग एकदा ७व्या शाळेत, तेच प्रश्न घेऊन. ४३व्या शाळेत वाचनाच्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं आणि वर्गात मुलं बोलताना दिसली, तर मी घर हलवलं नसतं. दोन्ही वेळा वर्ग मुका आणि मुख्याध्यापक गोलमोल असतील तर घर हलवण्याचा विचार जरूर करा, पण मग फक्त ७व्याच शाळेकडे बघू नका. २०वी, ३०वी, ६०वी, जवळपास जी असेल ती पाहा.

आणि यादी पुन्हा उघडलीत तर एकच गोष्ट शोधा, त्या शाळेचे गेल्या पाच वर्षांचे क्रमांक. ३१, ५०, २८, ४७, ४३ असे असतील तर शाळा आहे तिथेच आहे, हलतो आहे तो आकडा. १२, १९, २७, ३५, ४३ असे असतील तर मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारा.